हॉटेल आणि भाड्याच्या घरांतल्या कर्मचाऱ्यांना मानवी तस्करी ओळखायला कसं शिकवावं

बऱ्याच ठिकाणी हे प्रशिक्षण उरकलं जातं. नव्या माणसाला संगणकासमोर बसवतात, एक व्हिडिओ लावतात, शेवटी थोडे प्रश्न विचारतात आणि प्रमाणपत्र फाइलला लागतं. तपासणीला कुणी आलं की फाइल दाखवता येते. मात्र रात्रपाळीला काउंटरवर एकट्याच असलेल्या माणसाला एखाद्या खोलीबद्दल शंका आली, तर त्याने त्या क्षणी कुणाला फोन करायचा, ते या फाइलमध्ये सहसा सापडत नाही.

म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम थोडा उलटा ठेवला आहे. आधी शंका पोचवायची वाट तयार करायची आणि मग लक्षणं शिकवायची. वाटच नसेल तर लक्षणं पाठ असलेला माणूसही गप्प बसतो, कारण बोलण्यात त्याला फक्त धोका दिसतो.

पहिली पायरी: तस्करी म्हणजे नेमकं काय

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या आणि २००३ मध्ये लागू झालेल्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये तस्करीची व्याख्या तीन भागांत येते. पहिला भाग कृतीचा: माणसाची भरती, ने-आण, हस्तांतर, त्याला आसरा देणं किंवा ताब्यात घेणं. दुसरा साधनाचा: बळजबरी, धमकी, फसवणूक, असहायतेचा गैरफायदा. तिसरा हेतूचा, म्हणजे शोषणाचा. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर दुसरा भाग सिद्ध व्हावा लागत नाही. ‘ती स्वतःच्या मर्जीने आली होती’ हे वाक्य अल्पवयीन मुलीच्या बाबतीत निरर्थक ठरतं. वर्गात हे दोनदा सांगा, कारण हॉटेलात हेच वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं.

तस्करीसाठी सीमा ओलांडावी लागत नाही. त्याच शहरातल्या मुलीला त्याच शहरातल्या खोलीत ठेवलं तरी ती तस्करी असू शकते. कुलूप आणि साखळदंडही लागत नाहीत. डोक्यावरचं कर्ज, घरच्यांना इजा करण्याची धमकी, काढून घेतलेला पासपोर्ट, मोबाइलमधले फोटो पसरवण्याची भीती, किंवा शोषण करणाऱ्यावरच जडलेला जीव, यांतलं काहीही माणसाला जागच्या जागी बांधून ठेवतं. म्हणूनच बहुतेक पीडित मदत मागत नाहीत. विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात, आणि कित्येकदा स्वतःला पीडित मानतच नाहीत.

आणखी एक समज इथेच दूर करा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या श्रमात अडकलेले होते. त्यांपैकी सुमारे ६३ लाख लैंगिक शोषणात होते, तर १ कोटी ७३ लाख खासगी क्षेत्रातल्या इतर कामांत. म्हणजे फक्त वेश्याव्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून शिकवलं, तर मोठा भाग नजरेआड राहतो. एका खोलीत कोंबून ठेवलेले बांधकाम मजूर, पाहुण्या कुटुंबासोबत आलेली आणि खोलीबाहेर न सोडली जाणारी घरकामाची मुलगी, आणि कधी तुमच्याच लाँड्रीतला कंत्राटी कामगारही या आकड्यात असू शकतो.

दुसरी पायरी: शंका पोचवायची वाट

प्रत्येक शिफ्टला एक नाव ठरवा. ‘मॅनेजमेंटला कळवा’ असं लिहिलेला कागद कुणाच्याच कामाचा नाही. त्या शिफ्टला जबाबदार कोण, तो रजेवर असेल तर कोण, आणि दोघंही नसतील तर कोण, हे महिन्याच्या ड्युटी चार्टवर हवं. त्याखाली देशाचा आपत्कालीन क्रमांक, बालकांसाठीची हेल्पलाइन, तस्करीविरोधी हेल्पलाइन असेल तर ती, आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक. हे सगळं ओळखपत्राच्या मागे बसेल एवढ्या कार्डावर, कर्मचारी जी भाषा वाचतात त्या भाषेत छापा. दर काही महिन्यांनी रात्रपाळीत त्या क्रमांकांवर फोन लावून पाहा. बंद पडलेला क्रमांक भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग तीन गोष्टी लेखी ठरवा. पहिली, जीवाला तातडीचा धोका दिसला तर कुणाचीही परवानगी न घेता थेट आपत्कालीन क्रमांक लावायचा. दुसरी, चांगल्या हेतूने दिलेली शंका चुकीची निघाली तरी कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. तिसरी बऱ्याच धोरणांत गायब असते: वरिष्ठच सामील असल्याचा संशय आला तर त्याला वगळून जायची वाट. खोल्या देण्यासाठी हाताखालून पैसे घेणारा रात्रपाळीचा मॅनेजर ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. अशा वेळी मालकाकडे, मुख्य कार्यालयात किंवा सरळ बाहेर कळवता आलं पाहिजे.

मालक या सगळ्याला ‘उगाच पाहुणे दुखावतील’ म्हणत असेल, तर त्याच्यापुढे कायदा ठेवा. अमेरिकेत २००८ च्या दुरुस्तीपासून पीडित व्यक्ती अशा व्यवसायावरही दिवाणी दावा लावू शकते, ज्याने तस्करीच्या उद्योगातून फायदा घेतला आणि ज्याला ते माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. याच तरतुदीखाली तिथे हॉटेलांवर अनेक दावे दाखल झाले आहेत. तुमच्या देशात कायदा वेगळा असेल. कळवणं बंधनकारक आहे का, विशेषतः मूल असेल तर, हे वकिलाकडून एकदा लेखी घेऊन ठेवा.

तिसरी पायरी: कोणाला काय दिसतं

सगळ्यांना सगळी यादी देऊ नका. ज्याला जे दिसतं तेवढंच त्याला शिकवा. सुरुवातीला एक नियम मात्र सर्वांना: एकटं लक्षण म्हणजे काहीच नाही. रोख पैसे देणारा, सामान न आणणारा, दार न उघडणारा, असे पाहुणे रोज येतात. नजर ठेवायची ती दोन गोष्टींवर: लक्षणं एकावर एक चढतात का, आणि एका माणसाचा दुसऱ्यावर ताबा आहे का.

रिसेप्शनवर हा ताबा बोलण्यात दिसतो. प्रश्न एकीला विचारला तरी उत्तर दुसराच देतो. तिचं ओळखपत्र त्याच्या खिशातून निघतं आणि परत त्याच्याच खिशात जातं. सोबतच्या मुलाला आपण कुठल्या शहरात आहोत हे सांगता येत नाही, किंवा सोबतच्या माणसाचं नाव नीट सांगता येत नाही. मुक्काम एकेक दिवसाने वाढत जातो आणि प्रत्येक वेळी पैसे रोख येतात. खोली एकाच्या नावावर, पण तो स्वतः तिथे राहत नाही. बाहेरच्या दाराजवळची, जिन्याकडेची खोली आग्रहाने मागितली जाते. आधीच दिलेल्या चाव्या असताना आणखी चाव्या हव्या असतात. इलेक्ट्रॉनिक कुलपं असतील तर किती कार्डं काढली आणि दार केव्हा उघडलं याची नोंद यंत्रात राहते. ती कशी काढायची हे किमान दोघांना येत असावं.

खरा खजिना हाऊसकीपिंगकडे असतो. खोलीत रोज जाणारं दुसरं कुणी नसतं. तरी प्रशिक्षणात याच बायकांना शेवटच्या रांगेत बसवतात, तेही त्यांना न समजणाऱ्या भाषेतल्या व्हिडिओसमोर. त्यांना काय दिसतं? दिवसेंदिवस सफाई नाकारली जाते, पण दाराबाहेर टॉवेल आणि चादरी मात्र पुन्हापुन्हा मागितल्या जातात. खोलीची नोंद दोघांची आणि कचरा दहा जणांचा. कंडोमची पाकिटं मोठ्या संख्येने, एकाच पिशवीत अनेक मोबाइल, अनेक प्रीपेड कार्डं. लहान मुलाच्या वस्तू आहेत, पण नोंदीत मूल नाही. कॉरिडॉरमध्ये ट्रॉली घेऊन उभं असताना वेगवेगळे पुरुष थोड्या थोड्या वेळाने आत जातात आणि बाहेर येतात, आणि खोलीचा माणूस तेवढा वेळ जिन्यात किंवा गाडीत बसलेला असतो. श्रमाच्या शोषणात चित्र निराळं असतं: जमिनीवर अंथरुणांची रांग, पहाटे एकाच गाडीतून जाणारी आणि रात्री उशिरा येणारी थकलेली माणसं, त्यांचे सगळे पासपोर्ट एका माणसाच्या बॅगेत.

हाऊसकीपिंगच्या सत्रात एक गोष्ट ठासून सांगा: बघायचं ते नेहमीचं काम करताना जेवढं दिसतं तेवढंच. पाहुण्याची बॅग उघडणं, फोन हाताळणं, कपाट उपसणं हे काम नाही आणि बहुतेक ठिकाणी बेकायदाही ठरेल.

रेस्टॉरंट आणि रूम सर्व्हिसवाल्यांना अर्धा तास पुरे. जेवण आत घेताना दार कसं उघडलं जातं, किती ताटं मागवली, सोबतची व्यक्ती खाली येऊन कधी एकटी जेवते का, एवढं त्यांच्या कक्षेत येतं. सुरक्षारक्षकांना पार्किंग आणि मागचं दार दाखवा. दुरुस्तीचे लोक विसरले जातात. खोलीच्या बाहेरून लावलेली कडी किंवा आतून काढून टाकलेली फोनची तार सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडू शकते.

चौथी पायरी: पूर्वग्रह आवरणं

हा भाग वगळलेलं प्रशिक्षण न दिलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. लक्षणांची यादी हातात पडली की काही जण माणसांचे चेहरे तपासायला लागतात. वेगळ्या वर्णाचा बाप आणि मुलगी, वयात अंतर असलेलं जोडपं, एकटी आलेली बाई, गरीब कपड्यांतला पाहुणा किंवा परदेशी उच्चार, यांतलं काहीही लक्षण नाही. दत्तक मुलाच्या आईबापाला पोलिसांसमोर उभं करणं हा त्या कुटुंबावरचा अन्याय आहे. शिवाय अशी चूक एकदा घडली की पुढच्या खऱ्या वेळी सगळेच हात आखडता घेतात.

यावर एक साधी चाळणी आहे. नोंद लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचं: माणसांचा वंश, कपडे, वय आणि भाषा या वाक्यातून काढून टाकली तर शंकेत काय उरतं? कृती उरली तर कळवा. काहीच उरलं नाही तर कामाला लागा. स्वतःच्या इच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ बाईबद्दलही कर्मचाऱ्यांच्या मनात राग असू शकतो. तस्करीच्या नावाखाली तो राग काढायची सोय होता कामा नये.

पाचवी पायरी: शंका आली की पहिली काही मिनिटं

संशयिताला हटकायचं नाही. पीडित वाटणाऱ्या व्यक्तीला त्याच्यादेखत ‘तुम्हाला मदत हवी का’ असं विचारायचं नाही; त्याची शिक्षा तिला दार बंद झाल्यावर मिळते. खोलीत घुसून सुटका करायची नाही. शूर माणसाला हे पटायला जड जातं, म्हणून कारण सांगा: तुम्ही दार ठोठावल्यावर ती माणसं तासाभरात दुसऱ्या हॉटेलात जातात आणि पोलिसांच्या हाती काही लागत नाही. चेहरा नेहमीचा, काम नेहमीचं, आणि संधी मिळताच ठरलेल्या माणसाला फोन.

आणि लगेच नोंद. बऱ्याच नोंदी इथेच फसतात. ‘३१२ मध्ये काहीतरी गडबड, बाई घाबरलेली वाटते’ या ओळीवर कुणी काही करू शकत नाही. याच प्रसंगाची कामाची नोंद अशी असते:

‘खोली ३१२. दुपारी २.१०. मागितलेले टॉवेल द्यायला गेले. दार पुरुषाने वीतभर उघडलं, टॉवेल बाहेरच घेतले. आत पलंगावर मुलगी बसलेली, अंदाजे १५-१६ वर्षं, डाव्या दंडावर काळानिळा डाग. मी “आणखी काही हवं का” विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, पुरुष म्हणाला “नको” आणि दार लावलं. आजचे हे टॉवेल तिसऱ्यांदा. नोंदीत एकच प्रौढ पाहुणा आहे.’

दिसलं, ऐकलं, वेळ, जागा. ‘वाटतं’ हा शब्द शक्यतो नाही. डाग कशामुळे झाला याचा तर्क नाही. वर्गात प्रत्येकाकडून अशी एक नोंद लिहून घ्या. लिहिता येत नसेल त्याच्याकडून बोलून रेकॉर्ड करून घ्या.

जबाबदार माणसाचं काम यानंतर सुरू होतं. नोंदणीपत्रक, बुकिंगचा तपशील, गाडीचा क्रमांक, कार्डांची नोंद एकत्र करायची. सीसीटीव्हीचं चित्रण वेगळं काढून ठेवायचं, कारण बहुतेक यंत्रणा ठरावीक दिवसांनी जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरतात. पाहुणे निघून गेले असतील तर खोली कुलूप लावून जशीच्या तशी ठेवायची: सफाई नाही, कचरा नाही, चादरी लाँड्रीत नाहीत. एका खोलीचं त्या रात्रीचं उत्पन्न जाईल, जाऊ दे. ही माहिती पोलिसांपलीकडे कुणाकडे जाता कामा नये. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही, आणि कुणीही पाहुण्यांचे फोटो चोरून काढायचे नाहीत.

समजा पीडित व्यक्ती एकटी काउंटरवर आली आणि बोलली. तेव्हा तिला आतल्या खोलीत बसवा, पाणी द्या, आणि तिच्या गतीने ऐका. ‘तू पळून का नाही गेलीस’ हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका. ‘सगळं नीट होईल’ असं वचनही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ‘इथे तुम्ही सुरक्षित आहात. मी कुणाला फोन करू ते आपण मिळून ठरवू’ एवढं पुरतं. व्यक्ती प्रौढ असेल तर पुढचं पाऊल तिला विचारून. मूल असेल तर विचारायचा प्रश्नच नाही, थेट कळवायचं.

सहावी पायरी: जिथे रिसेप्शनच नाही

अल्पकाळ भाड्याने दिलेल्या घरात पाहुणा आणि मालक कित्येकदा समोरासमोर येतच नाहीत. दाराच्या कोडवर प्रवेश, कोडवरच निरोप. तस्कराला नेमकं हेच हवं असतं. इथे डोळे तीनच: बुकिंगचे संदेश, सफाईवाले आणि शेजारी.

संदेशांत पाहायचं ते असं: आत्ताच, आजच्या आज, बुकिंगच्या मंचाबाहेर (म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळाबाहेर) पैसे घेऊन द्या असा आग्रह, खात्यावर एकाचं नाव आणि येणार दुसरंच कुणी, घराबद्दल काहीच न विचारता फक्त ‘बाहेर कॅमेरा आहे का, शेजारी किती जवळ आहेत’ एवढीच चौकशी. यातली कुठलीही एक गोष्ट निरुपद्रवी असू शकते. तिन्ही एकत्र आल्या तर बुकिंग नाकारायला कारण पुरेसं आहे.

घराच्या नियमांत राहणाऱ्या सर्वांची नावं द्यावी लागतील, नोंद नसलेले पाहुणे चालणार नाहीत, आणि लांब मुक्कामात ठरलेल्या दिवशी सफाई होईल, हे आधीच लिहा. नंतर विचारायला गेलात तर ती चौकशी वाटते, आधी लिहिलं तर तो नियम असतो. शक्य असेल तर पहिल्या दिवशी किल्ली स्वतः हातात द्या. दोन मिनिटांच्या त्या भेटीत बरंच कळतं. बाहेरच्या दारावरचा कॅमेरा पाहुण्याला आधी सांगून लावता येतो. घराच्या आत मात्र नाही: घरं भाड्याने देण्याच्या एअरबीएनबी या मंचाने तर २०२४ पासून घरातले कॅमेरे जगभर बंदच केले आहेत.

सफाईवाली बहुधा एकटी असते आणि तिच्या मागे कुठलाही विभाग नसतो. तिला स्पष्ट सांगा: संशय आला तर काम अर्ध्यावर टाकून बाहेर ये, बाहेरून फोन कर, त्या दिवसाचे पैसे पूर्ण मिळतील. शेवटचं वाक्य सांगितलं नाही तर ती काम उरकूनच फोन करेल, तोवर पुरावा कचऱ्याच्या पिशवीत गेलेला असेल. शेजाऱ्यांकडे तुमचा क्रमांक असू द्या. मंचाला कळवणं हे पोलिसांना कळवण्याच्या जोडीने करायचं असतं. ते त्याला पर्याय होत नाही.

सातवी पायरी: स्वतःच्या घरात डोकावणं

पाहुण्यांवर नजर ठेवायला शिकवणारं हॉटेल स्वतःच्या कामगारांकडे क्वचितच त्या नजरेने पाहतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाची ११ लक्षणं दिली आहेत. त्यांत ओळखपत्रं अडकवून ठेवणं, पगार रोखणं, कर्जात गुंतवणं, येण्याजाण्यावर बंदी, अमाप ओव्हरटाइम आणि राहण्याची वाईट व्यवस्था ही आहेत. सफाई, लाँड्री, सुरक्षा, बागकाम ही कामं बाहेरच्या एजन्सीकडे असतील तर कामगारांना बाजूला घेऊन विचारा: नोकरी मिळवायला कुणाला पैसे द्यावे लागले का? पासपोर्ट कुणाकडे आहे? पगार कुणाच्या खात्यात जातो? उत्तरं एजन्सीच्या मुकादमासमोर मिळणार नाहीत. करारात भरती शुल्क आणि ओळखपत्रं ताब्यात ठेवण्यावर बंदीचं कलम घाला. ‘द कोड’ ही मुलांच्या संरक्षणासाठी पर्यटन उद्योगाने स्वीकारायची आचारसंहिता, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या एकपॅट या संघटनेच्या स्वीडन शाखेच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात आकाराला आली. पुरवठादारांच्या करारात मुलांच्या लैंगिक शोषणाला थारा न देण्याचं कलम घालण्याची अट तिच्यात आहे.

आठवी पायरी: प्रत्यक्ष सत्र

किती वेळ द्यावा? कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याने पाहुण्यांशी संबंध येणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्यांना किमान २० मिनिटांचं, संवाद साधणारं प्रशिक्षण दर दोन वर्षांनी देणं सक्तीचं केलं. २० मिनिटं म्हणजे किमानच. विभागवार दीड तास काढा, आणि नंतर दर महिन्याच्या ब्रीफिंगमध्ये एखादा प्रसंग पाच मिनिटं चर्चेला घ्या. त्याचा उपयोग वार्षिक सोहळ्यापेक्षा जास्त होतो. कंत्राटी आणि हंगामी लोक याच वर्गात बसवा, त्यांच्या एजन्सीवर सोडू नका.

प्रसंग करून दाखवताना दोन जणांना पाहुणे करा, एकीला रिसेप्शनिस्ट, आणि बाकीच्यांनी नोंद लिहायची. निम्मे प्रसंग निरुपद्रवी ठेवा: उशिरा पोचलेलं दमलेलं कुटुंब, रोख पैसे देणारा व्यापारी. प्रत्येक प्रसंग तस्करीचाच असेल तर माणसं संशय घ्यायला शिकतात, पारख करायला शिकत नाहीत. साखळदंडातल्या हातांची चित्रं पडद्यावर लावू नका. त्यामुळे चुकीचं शोधायची सवय लागते. सुरुवातीलाच सांगा की कुणालाही कधीही कारण न देता उठून बाहेर जाता येईल. वर्गातल्या एखाद्याने हे स्वतः भोगलेलं असू शकतं.

शेवटी एका गोष्टीची तयारी प्रशिक्षकानेच करायची आहे. शंका कळवल्यानंतर पुढे काय झालं हे पोलीस बहुधा सांगत नाहीत. कळवणाऱ्या बाईला वाटतं, आपलं कुणी ऐकलंच नाही, आणि पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. म्हणून जबाबदार माणसाने २४ तासांत तिला भेटून एवढं तरी सांगायचं: तुमची नोंद मिळाली, अमुक वाजता पुढे दिली, निकाल कदाचित कधीच कळणार नाही, आणि अशी नोंद पुन्हा हवी आहे. ही भेट झाली की नाही, त्याचाही रकाना नोंदवहीत ठेवा.